दोन्ही बाह्या डाव्याच

"मॅडम, दोन्ही बाह्या डाव्याच कातरल्या गेल्या."

मृणालचं हे पहिलं वाक्य. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. तिनं पिशवीतून खणाचे दोन तुकडे काढले आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जांभळा खण, काठाला बारीक लाल रेघ. चुलत दिराच्या मुलीसाठी परकर-पोलकं शिवायचं होतं. खणाचं कापड बेताचंच असतं, एकदा कातर चुकली की जोड लावून भागत नाही.

"किती वाजता कातरलंस?"

"रात्री दीडला. पावणेदोनला ओवी उठली. तिला मांडीवर घेतलं आणि रडायला लागले. माझं मलाच कळेना, कापडासाठी रडतेय की कशासाठी."

ओवी, तिची मुलगी, तेव्हा सात महिन्यांची होती. सव्वीस आठवड्यांची रजा संपून मृणालला बँकेत रुजू होऊन महिना झाला होता.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या माझ्या खोलीत बसून मी गेली बावीस वर्षं समुपदेशक म्हणून माणसांचं ऐकते आहे. अलीकडे तान्ह्या बाळांच्या आयांकडून एक गाऱ्हाणं वारंवार कानावर येतं. कुणी क्रोशा विणणारी, कुणी भरतकाम करणारी, कुणी घरच्यांचे कपडे शिवणारी. सगळ्यांचं म्हणणं एकच, "शिवायला बसलं की बाळाकडे दुर्लक्ष केल्यासारखं वाटतं आणि बाळाला घेतलं की मशीनवरचं अर्धवट कापड डोळ्यांसमोर येतं. दोन्हीकडे मी कमीच पडते." मग मोबाइल दाखवतात. त्यात कुणीतरी बाळ शेजारी झोपवून हसत हसत विणत असते, घर लख्ख, दोऱ्याचा एक तुकडा खाली पडलेला नाही. "हिला जमतं, मग मला का नाही?"

घरचे यावर जे सांगतात ते मला पाठ झालं आहे. "थोडे दिवस बंद ठेव, बाळ मोठं झालं की कर." हा सल्ला प्रेमानं दिलेला असतो, तरी तो मला अपुरा वाटतो. मृणालच्या बाबतीत तर तो चुकीचाच ठरला असता.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. बाळंतपणानंतर वर्षभराच्या आत आलेल्या प्रत्येक आईला मी सुरुवातीलाच एडिंबरा प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारते. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली ही साधी प्रश्नावली आहे. गेल्या सात दिवसांत मन कसं होतं, एवढंच ती विचारते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल असतो, तो मी कधीही गाळत नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं, साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. ओसरलं नाही, बाळ गाढ झोपलेलं असूनही आईला झोप येईना, कशातच रस वाटेना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर तो वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही. तिथे मनोविकारतज्ज्ञच हवेत. १४४१६ हा केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालतो, तिथे मराठीतही बोलता येतं. मृणालची उत्तरं थकव्याची होती, आजाराची नव्हती. तेवढं कळल्यावरच मी बाह्यांकडे वळले.

दुसऱ्या भेटीत तिला यादी आणायला सांगितली होती. काय काय शिवायचं राहिलंय, कुणासाठी, कधीपर्यंत. बँकेच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानावर तिनं लिहून आणली होती. अकरा कामं. नणंदेला आठवा महिना लागत होता, तिच्या बाळासाठी माहेरचा म्हणून द्यायचा बाळंतविडा: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, मोहरीची उशी. सासूबाईंच्या भिशीतल्या बारा जणींना संक्रांतीला वाण म्हणून कापडी बटवे. देव्हाऱ्यातलं आसन. जावेच्या बहिणीच्या लग्नात रुखवतावर मांडायला तोरण. असं करत करत शेवटच्या ओळीत, अक्षर थोडं बारीक झालेलं: ओवीची गोधडी.

"ही शेवटी का?"

"ओवी घरातलीच आहे ना मॅडम. ती कुठे जातेय?"

मी काही बोलले नाही. वहीत त्या ओळीसमोर छोटीशी फुली केली. मला सापडलेली पहिली खूण ती होती.

त्या गोधडीसाठी कापड बाजारातून आणायचं नव्हतं. मृणालच्या आईची सहा सुती लुगडी ट्रंकेत होती. आई गेली तेव्हा मृणाल नऊ वर्षांची होती. पुढे ती कोरेगाव तालुक्यात मामाच्या घरी वाढली. शिवण मामीनं शिकवलं, पायमशीनवर, फळकुटावर पाय पुरत नव्हते तेव्हापासून.

मी ज्या विचारधारेत वाढले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती. मराठी माणसापर्यंत ती पोचवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा. तिचा गाभा मी लोकांना एका अक्षरात सांगते, आणि ते अक्षर आपल्या भाषेनंच दिलेलं आहे: 'च'. 'गोधडी व्हावी' ही इच्छा झाली. 'गोधडी झालीच पाहिजे' म्हटलं की तो हुकूम होतो. इच्छा पुरी झाली नाही तर हळहळ वाटते आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. हुकूम मोडला की मात्र आपण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो.

तिसऱ्या भेटीत मृणालला ती यादी मोठ्यानं वाचायला लावली. प्रत्येक ओळीला आधी 'झालंच पाहिजे' जोडून, मग 'करायला आवडेल' जोडून. पहिल्या फेरीत आवाज घट्ट होत गेला. दुसऱ्या फेरीत बाळंतविडा आवडीनं वाचला, तोरण आवडीनं वाचलं, बटव्यांपाशी थांबली.

"हे आवडणार नाही मॅडम." आणि ती हसली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच हसली. "बारा बटवे, प्रत्येकाला नाडी ओवायची. मला मुळीच आवडणार नाही."

अकरातली पाच कामं त्या दिवशी गळाली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, प्रश्न सुटला. पण पुढच्या भेटीला ती आली ती डोळे सुजवून. पाच कामं नको म्हटली म्हणून हलकं वाटायला हवं होतं, उलट भीती वाटायला लागली होती. रात्री झोपच नाही.

"कशाची भीती?"

"माहीत नाही."

"समज, उद्यापासून तू कुणासाठीच काही शिवलं नाहीस. काय होईल?"

"कुणी काही बोलणार नाही. चांगली माणसं आहेत सगळी."

"मग?"

बराच वेळ गेला. बाहेर स्टँडकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. अशा वेळी बोलायचा मोह होतो. नव्यानं या कामात येणाऱ्या मुलींना मी आवर्जून सांगते, तो मोह आवरा. मी आवरला.

"मग मी त्या घरात कोण?" ती म्हणाली.

हे वाक्य सासरबद्दल नव्हतं. ती कोरेगावच्या घराबद्दल बोलत होती, नऊ वर्षांच्या मुलीसारखी. मामा-मामींनी तिला कधी परकं मानलं नाही, हे तिनंच मला तीनदा सांगितलं होतं. पण लहान मूल आपलं आपण काही हिशेब मांडतं. मामेभावाच्या शर्टाला बटण लावलं की मामी म्हणायची, "गुणाची गं माझी." घरात आपली जागा आहे, ती या बटणामुळे आहे, असा त्या मुलीनं अर्थ लावला. पुढची बावीस वर्षं ती बटणं लावत राहिली. प्रत्येक बारसं, प्रत्येक मुंज, प्रत्येक भाऊबीज. शिवणं तिला मनापासून आवडत होतं, यात शंका नाही. पण त्या आवडीवर घरभाड्याचं ओझं बसलं होतं, आणि ओवी झाल्यापासून भाडं थकत चाललं होतं.

हे सगळं मी तिला समजावून सांगू शकले असते. तिनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा दीड वाजता कातर हातात घेतली असती. मी एक प्रश्न विचारला.

"ओवीनं आतापर्यंत तुमच्या घरासाठी काय काय केलं?"

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "ओवीनं? ती आठ महिन्यांची होईल आता!"

"हो. पण काही केलं असेल ना? कुणाला काही दिलं?"

"काय देणार ती? उलट रात्री सगळ्यांना उठवते. सासूबाईंच्या दोन साड्या खराब केल्या तिनं."

"तरी संध्याकाळी दारातून आत आल्या आल्या निखिल कुणाला उचलतो?" निखिल म्हणजे तिचा नवरा.

"ओवीला."

"का? तिनं तर काहीच शिवून दिलेलं नाही."

मृणाल माझ्याकडे बघत राहिली. रागानं काहीतरी म्हणेल असं क्षणभर वाटलं. मग तिचा चेहरा सैल पडत गेला, धावदोरा ओढून काढल्यावर चुण्या पडलेलं कापड मोकळं होतं तसा. ती रडली, पण ते दीड वाजताचं रडणं नव्हतं. दहा-बारा मिनिटं आम्ही दोघी गप्प होतो. डोळे पुसून तिनं विचारलं, "मीपण आठ महिन्यांची होते ना कधीतरी?"

एलिस ज्याला स्वतःचा विनाअट स्वीकार म्हणतात, तो समजावताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृत्या काढल्या. माणूस वेगळा, त्याचं काम वेगळं. कामाला गुण द्या, माणसाला देऊ नका. पण आकृतीपेक्षा मांडीवरचं बाळ हे जास्त स्वच्छ सांगतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी हा प्रश्न अनेक आयांना विचारला आहे. घाईनं विचारला तर तो फुकट जातो, ती बाई स्वतःच दारापाशी येऊन उभी राहावी लागते. मृणालच्या वेळी मी चार भेटी थांबले, त्याचं मला आजही समाधान आहे.

कळलं म्हणजे वळलं असं नसतं, म्हणून मी गृहपाठ देते. तिचा गृहपाठ अवघड होता. नणंदेच्या बाळाच्या बारशाला हातानं शिवलेलं काहीही न्यायचं नाही. बाळंतविडा राजवाड्याजवळच्या दुकानातून आणायचा, सगळे आणतात तसा. कुणी विचारलं तर 'बाळ लहान आहे', 'बँकेत ऑडिट होतं' अशी कारणं द्यायची नाहीत. "नाही, या वेळी नाही शिवलं," एवढंच.

"मामी ना मी त्या बाळाची. मामीनं विकतचं न्यायचं?"

"एकदाच. पुढच्या वेळी वाटलं तर शीव."

बारशाला एका आत्यांनी विचारलंच. "अगंबाई, तुझ्या हातचं काही नाही या वेळी?" मृणालनं ठरलेलं उत्तर दिलं. आत्या "बरं" म्हणाल्या आणि घुगऱ्यांत मीठ कमी पडल्याचं सांगायला लागल्या. मी तिला विचारलं, किती वेळ बोचलं? ती मोजून आली होती. "जिलबी वाढायला आली तोपर्यंत." बावीस वर्षांची भीती, आणि तिची प्रत्यक्ष लांबी एवढी.

मध्ये एकदा सासूबाईंना आणि निखिलला बोलावलं होतं. सासूबाई बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मी कधी तिच्याकडे हक्कानं मागितलं नाही हो. तिला आवडतं म्हणून सांगत गेलो. नाही सांगितलं तर तिला वाईट वाटेल, असं वाटायचं." हे मी इतक्या घरांत ऐकलं आहे! ती समजते, यांची अपेक्षा आहे. ते समजतात, हिची हौस आहे. बटवे कुणालाच नको असतात आणि बारा नाड्या ओवल्या जातात. म्हणून माझं सांगणं असतं, वर्षातून एकदा तरी घरात सरळ विचारा, "मी हे केलं नाही तर चालेल का?" उत्तर बहुतेकदा अपेक्षेपेक्षा फार साधं येतं.

आता वेळेबद्दल, कारण तो प्रश्न खराच आहे, नुसत्या मनाचा नाही. मृणालला आठवडाभर संध्याकाळी साडेसहापासून झोपेपर्यंतची नोंद ठेवायला लावली. सलग मोकळा मिळालेला सर्वांत मोठा तुकडा होता पस्तीस मिनिटांचा. मशीन उघडणं, बॉबिन भरणं, कापड पसरणं, इस्त्री तापवणं यात पंधरा मिनिटं जात. उरली वीस, त्यात एक कान पाळण्याकडे. आया म्हणतात वेळ मिळत नाही. वेळ मिळतो, पण ठिगळा-ठिगळांनी मिळतो आणि त्या काम निवडतात अखंड कापडाचं.

म्हणून मी कामांचे दोन भाग करायला सांगते. एक, मांडून बसायचं काम: कातरणं, मशीन, इस्त्री. दुसरं, उचलून ठेवायचं काम: हातशिलाई, तुरपाई, ठिगळं जोडणं, क्रोशाचे छोटे चौकोन. बाळ वर्षाचं होईपर्यंत, आई घरात एकटी असताना तिनं फक्त दुसरं करावं. पहिलं काम तेव्हाच, जेव्हा दुसरं मोठं माणूस बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत आहे, आणि ते अंगणात मारलेल्या हाकेनं ठरू नये, वार ठरलेला असावा. मृणालच्या घरी रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा निखिल ओवीला घेऊन 'चार भिंती' या स्मारकाकडे फिरायला जातो. ते दीड तास मशीनचे. ओवी आजारी असली तर नाहीत, आणि मग पुढच्या बुधवारी ते वसूलही करायचे नाहीत.

रात्री अकरानंतर कातर हातात घ्यायची नाही. यात मी तडजोड करत नाही. अपुऱ्या झोपेत उसवता येईल असं काम एकवेळ चालतं, कातरलेलं परत जोडता येत नाही.

बाळ रांगायला लागलं की सुयांचा हिशेब ठेवा. डब्यातून पाच काढल्या तर पाच परत गेल्याशिवाय उठायचं नाही. टाचण्यांऐवजी कच्चा टाका घाला. तान्ह्याच्या कपड्याला मणी, टिकल्या, ढिली बटणं लावू नका, गळ्याशी लांब बंद ठेवू नका. आणि बालरोगतज्ज्ञ सांगतात ते गोधडी शिवणाऱ्या आयांना कळायलाच हवं: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल, जड पांघरूण घालू नये, ते तोंडावर येऊ शकतं. तुमच्या गोधडीचा खरा उपयोग जागेपणी आहे. जमिनीवर अंथरा, बाळाला पालथं टाका, त्याला काठाची नक्षी खरवडू द्या.

आणखी एक. शिवून द्यायचा शब्द देताना तारीख देऊ नका. "करणार आहे, झालं की देईन." नातेवाईकांना वस्तू उशिरा मिळाल्याचं दुःख क्वचित होतं, ठरल्या दिवशी न मिळाल्याचं मात्र होतं.

शिवण बंद ठेव, असं मी मृणालला का म्हटलं नाही, तेही सांगते. दिवसभर नोटा आणि आकडे, घरी आल्यावर दूध, नाचणीचं सत्त्व, लंगोट. यातलं काहीच 'पूर्ण' होत नाही, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. हातानं घातलेली टाक्यांची एक ओळ मात्र घातली तिथेच राहते. तान्ह्या बाळाच्या आईला अशी एखादी ओळ फार आधार देते. ती काढून घेणं म्हणजे खांबाला वाळवी लागली म्हणून खांबच काढण्यासारखं आहे.

शेवटच्या भेटीला ती मामींना घेऊन आली. नऊवारीतल्या, सत्तरीच्या, डोळ्याला जाड चष्मा. बरोबर एक जुनी गोधडी होती, मृणालच्या आईच्या बाळंतपणातली. मामी तिला वाकळ म्हणत होत्या. ती मी मांडीवर घेतली आणि बोटानं टाके चाचपत गेले. एका कोपऱ्यात टाके तांदळाएवढे बारीक होते, मध्यावर येता येता लांब झाले, दुसऱ्या काठाला तिरके.

"ही मृणालच्या आईनं शिवली?"

"एकटीनं कुठली?" मामी म्हणाल्या. "उन्हाळ्यात सुगी संपली की दुपारच्या सोप्यात बसायचो पाच-सहा जणी. हे बारीक टाके माझ्या सासूचे. हे लांब शेजारच्या काकूचे, त्यांना दिसत नव्हतं. वन्संचे हे." वन्सं म्हणजे मृणालची आई. त्यांनी तिरक्या टाक्यांवर हात ठेवला. "एका हातानं पाळण्याची दोरी ओढायच्या आणि दुसऱ्या हातानं शिवायच्या, म्हणून तिरके गेलेत. मग मी म्हणायची, वन्सं, द्या ती दोरी माझ्याकडं."

मृणाल वाकळीवर वाकून त्या तिरक्या टाक्यांकडे बघत होती. मीही बघत होते. इतकी वर्षं या विषयावर बोलूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं की गोधडी हे एकटीनं रात्री करायचं काम कधीच नव्हतं. एकीच्या हातात सुई असे तेव्हा दुसरीच्या हातात पाळण्याची दोरी असे. आज आपण सुई तेवढी घेतली, दोरी धरणारी माणसं दोन खोल्यांच्या घरात मागे राहिली, आणि दोष मात्र बाईच्या हातांना देत बसलो. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या आईला मी 'किती वेळ मिळतो' याआधी 'दोरी कुणाकडे आहे' हे विचारते. शेजारीण, जाऊ, सोसायटीतली दुसरी तान्ह्याची आई, नवरा, कुणीही. आठवड्यातून एक दुपार दोन आयांनी एकत्र बसायचं, अर्धा तास एकीनं दोन्ही मुलं बघायची, अर्धा तास दुसरीनं. माझ्या माहितीतल्या तीन जोड्यांचं हे नीट चालू आहे.

एप्रिलमध्ये मृणाल आईची लुगडी घेऊन कोरेगावला गेली. शनिवार-रविवार, जोडून सुट्टी आली की तीन दिवस. ओवी आता भिंतीला धरून उभी राहते, त्यामुळे सुयांचा डबा फडताळात वरच्या कप्प्यात असतो. मामी, मामेभावाची बायको, शेजारच्या दोन जणी आणि एका रविवारी सासूबाईही. निखिलनं दोन ओळी घातल्या, त्या मामींनी उसवल्या नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. वाकळ अर्धी झाली आहे. आता पेरण्या सुरू होतील, कुणाला बसायला सवड नाही. घडी घालून, डांबरगोळ्या ठेवून ट्रंकेत टाकली आहे, पुढच्या उन्हाळ्यात काढतील.